मिगच्या नाकावरची टिटवी

चाकण-तळेगाव रस्त्यावरून आत वळलं की पत्र्याच्या शेडची एक रांग लागते. त्यातली शेवटची, मोठ्या दाराची शेड मिनल ओव्हाळची. तिचे वडील विलास ओव्हाळ आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यात पेंट शॉपला होते. आमच्या घरात आधी रंगाचा वास आला आणि मग मिनल आली, असं तिची आई म्हणायची. मिनलनं डिप्लोमा केला, काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःचं काम टाकलं. मशिनांची कव्हरं, विजेच्या पॅनलचे डबे, कधी एखाद्या शाळेची बाकं रंगवून द्यायची, असा तिचा धंदा. विमान मात्र तिच्या दारात यापूर्वी कधी आलं नव्हतं.

ते आलं गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, दोन ट्रेलरवर. एकावर धड, दुसऱ्यावर ताडपत्रीत गुंडाळलेले पंख आणि शेपटी. मोशीपासून लोक गाड्या हळू करून मोबाईल बाहेर काढत होते, असं ड्रायव्हर सांगत होता. क्रेननं धड आत घेतलं तेव्हा शेजारच्या तिन्ही शेडमधली कामं आपोआप बंद पडली होती. आकाशात एवढा आवाज करणारी वस्तू जवळून इतकी बारीक दिसते, याचंच सगळ्यांना नवल वाटत होतं. मिनल राहायला पिंपळे सौदागरला. लोहगावहून उठणारी लढाऊ विमानं तिच्या सोसायटीवरून गेली की खिडकीची काच थरथरायची, तेवढाच तिचा आणि हवाई दलाचा संबंध.

हे मिग जातीचं लढाऊ विमान मिळवलं होतं आकुर्डीच्या माजी हवाई सैनिकांच्या मंडळानं. हवाई दलातून या जातीची विमानं त्याच सुमाराला कायमची निवृत्त होत होती, आणि त्याआधीच कुठल्या तरी डेपोत पडून असलेलं हे एक मंडळानं दोन वर्षं खटपट करून मागून घेतलं होतं. आठ ऑक्टोबरला, हवाई दलाच्या दिवशी, ते आकुर्डीतल्या एका बागेत चौथऱ्यावर उभं राहणार होतं. मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव मोहिते. मूळचे कराडकडचे, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडली तरी पाठ सरळ आणि शर्टाची घडी जागच्या जागी. त्यांनी पहिल्याच दिवशी काम नीट समजावून सांगितलं. सगळा जुना रंग घासून काढायचा, राखाडी रंगाचे नवे कोट मारायचे आणि नाकाच्या डाव्या बाजूला साळिंदराचं चिन्ह काढायचं. कारण हे विमान शेवटी उडालं ते साळिंदर स्क्वॉड्रनमध्ये, आणि हिंदुरावांची सगळी उमेदीची वर्षं त्याच स्क्वॉड्रनमध्ये गेली होती.

स्क्वॉड्रन म्हणजे नेमकं काय, हे मिनलनं त्यांना विचारलं. तिला वाटलं होतं विमानतळाचंच ते दुसरं नाव असेल. हिंदुराव हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, की तळ म्हणजे गाव समजा आणि स्क्वॉड्रन म्हणजे घराणं. गाव जागच्या जागी राहतं. लोहगावचा तळ इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी बांधला, तो अजून तिथंच आहे. घराणी मात्र येतात आणि जातात. आज पुण्यात असलेली स्क्वॉड्रन चार वर्षांनी आसामात असेल, नंतर राजस्थानात. विमानंही बदलतात. आजोबांच्या काळातली विमानं वेगळी, नातवाच्या काळातली वेगळी, पण नाव आणि चिन्ह तेच चालत राहतं. आणि कधीतरी वरून हुकूम येतो, विमानं जुनी झाली, स्क्वॉड्रन बंद करा. मग ढाली, चषक, झेंडा सगळं पेटीत भरून ठेवतात आणि माणसं वाटून टाकतात. नशीब असेल तर ते नाव दहा-वीस वर्षांनी नव्या विमानांवर परत उभं राहतं.

"आणि नसेल तर?" मिनलनं विचारलं.

"नसेल तर पेटीत राहतं," हिंदुराव म्हणाले आणि चहा संपवून उठले.

घासायचं काम सयाजीकडे होतं. सयाजी लातूरकडचा, पन्नाशीचा, मिनलच्या शेडमधला सगळ्यात जुना रंगारी. पाणी मारून पॉलिश पेपर फिरवताना त्याची बोटं थर ओळखायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यानं मिनलला हाक मारली. नाकाच्या उजव्या बाजूला, कॉकपिटच्या खाली, राखाडी रंगाखालून काहीतरी वर येत होतं. मिनल स्टुलावर चढली, ओलं फडकं फिरवलं. आधी दोन पिवळ्या काड्या दिसल्या, मग तपकिरी पंख, पांढरं पोट, काळी मान. डोळ्यापुढे लाल कातड्याचा एक थेंब. ती टिटवी होती. छापा नव्हता, स्टिकर नव्हता. कुणीतरी ब्रशनं, हातानं काढलेली टिटवी, एका पायावर भार देऊन उभी.

मिनलच्या डोक्यात आधी रंगाऱ्याचाच प्रश्न आला. वरचा राखाडी कोट थेट चित्रावर मारलेला होता. खाली घासलेलं नव्हतं, प्रायमर नव्हता. असं काम तिच्या शेडमध्ये कुणी केलं असतं तर तिनं ते परत करायला लावलं असतं. हवाई दलात असं कसं चाललं?

संध्याकाळी हिंदुराव आले तेव्हा तिनं त्यांना ते दाखवलं. ते स्टुलावर चढले नाहीत, खालूनच बघितलं.

"टिटवी स्क्वॉड्रन," ते म्हणाले. "राजस्थानात आमच्या शेजारच्या हँगरमध्ये होती. कारगिलच्या उन्हाळ्यात बंद झाली. तिची विमानं आमच्याकडे आली, काही माणसंही आली. हे त्यातलंच."

"हे काढलंय कोणी?"

"सांडभोर. ज्योतीराम सांडभोर. तुमच्या खेडचाच, राजगुरुनगरचा. हात चांगला होता त्याचा." मग त्यांनी बोटानं हवेत एक रेघ ओढली. "हे साफ घासून घ्या, ताई. नव्या रंगाखालून कड दिसता कामा नये."

मिनलनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सयाजीला तिनं सांगितलं, की ती बाजू सध्या राहू दे, शेपटीकडून घे. तिला स्वतःलाच कारण नीट सांगता आलं नसतं. तिच्या वडिलांनी तीस वर्षांत दुचाकींच्या लाखो टाक्या रंगवल्या असतील. त्यातली एकही रस्त्यावर दिसली तर ही विलास ओव्हाळनी रंगवलेली, असं कुणाला ओळखू आलं नसतं. रंगाच्या धंद्यात चांगलं काम म्हणजे ज्यात माणसाचा हात दिसत नाही ते. आणि इथं एका माणसाचा हात सव्वीस वर्षं रंगाखाली दबून राहिला होता. त्याला न विचारता तो घासून टाकायचा, हे तिच्या मनाला पटेना.

गुरुवारी शेडला सुट्टी असते. मिनल गाडी घेऊन राजगुरुनगरला गेली. बाजारपेठेत एका जुन्या भांड्याच्या दुकानावर अजून हातानं रंगवलेली पाटी होती आणि पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'सांडभोर' लिहिलेलं होतं. दुकानदारानं घर सांगितलं. भीमेच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या मागं.

ज्योतीराम सांडभोर अंगणात शेवग्याच्या शेंगा काढत होते. किडकिडीत, उंच, डोक्याला टॉवेल. हवाई दलातून आल्यावर त्यांनी पंधरा वर्षं पाट्या रंगवल्या होत्या, पुढे फ्लेक्स आले आणि ते काम बसलं. मिनलनं आपली ओळख सांगितली, कशासाठी आले तेही सांगितलं आणि मोबाईलवरचा फोटो पुढं केला. त्यांनी टॉवेलनं हात पुसले, फोन लांब धरला, जवळ धरला. तेवढ्यात त्यांच्या बायकोनं, जाईबाईंनी, चहाचा ट्रे ओट्यावर ठेवून फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पाय लांब झाल्यात," त्या म्हणाल्या. "मी तवाच सांगितलं व्हतं."

मग ज्योतीराम हसले आणि बोलायला लागले.

त्यांच्या स्क्वॉड्रनमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी जी गोष्ट सांगत, ती त्यांनी मिनलला सांगितली. टिटवी स्क्वॉड्रन जन्मली लोहगावला. तेव्हा धावपट्टीच्या कडेच्या खडीत टिटव्या अंडी घालायच्या. विमान उठलं तरी त्या उडत नसत, पण माणूस जवळ आला की ओरडून सगळा तळ जागा करायच्या. पहिल्या कमांडिंग ऑफिसरनं म्हटलं, आपलं कामही हेच, उघड्यावर बसायचं आणि झोपायचं नाही. म्हणून टिटवी. पुढे स्क्वॉड्रन पूर्वेला गेली, मग वाळवंटात गेली, विमानं दोनदा बदलली, पण पक्षी तोच राहिला. ज्योतीराम त्यात विमानाच्या सांगाड्याचे फिटर होते. चित्रकला अंगातली, म्हणून चिन्ह रंगवायचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. गावाकडे आईला कळलं तेव्हा तिनं डोक्याला हात लावला होता. टिटवी ओरडली की घरात वाईट होतं म्हणतात, आणि हा तिलाच रंगवत बसतोय.

मिनलनं तिचा प्रश्न विचारला. घासल्याशिवाय वर रंग का मारला?

"येळ कुठं व्हता," ज्योतीराम म्हणाले. "येका दिवशी आमची स्क्वॉड्रन बंद झाली, दुसऱ्या दिवशी विमानं साळिंदरच्या नावावर. सीमेवर लढाई चाललेली. सकाळी विमान तयार पायजे म्हणून हुकूम. मीच मारला रंग, दुसऱ्या कुणाला दिला न्हाई. वाळतोय न वाळतोय तोवर उडालं ते."

मग शेंगांची देठं मोडत, मान खाली घालून, त्यांनी पुढचं सांगितलं. रंग मारताना त्यांचा हात अडखळत होता. मोहिते तेव्हा त्यांचे वरिष्ठ. ते मागून आले आणि म्हणाले, आटप सांडभोर, एक पाखरू गेलं म्हणून काय झालं. बाकी काही नाही. रागावलेही नव्हते ते, घाईत होते. पण त्या दिवसापासून ज्योतीराम त्यांच्या पंक्तीला जेवायला बसले नाहीत, आणि वर्षभरात पेन्शन घेऊन गावी आले. आकुर्डीच्या मंडळाची निमंत्रणं येत राहिली, पण ते कधी गेले नाहीत.

"मग आता काय करू मी?" मिनलनं विचारलं.

त्यांनी जे उत्तर दिलं ते तिला अपेक्षित नव्हतं. ते म्हणाले, साळिंदर काढ. विमान ज्याच्याकडून शेवटचं उडालं, चिन्ह त्याचं. मोहिते बरोबर सांगतात. आणि ते शेंगा घेऊन आत गेले.

जाईबाई तिला गाडीपर्यंत सोडायला आल्या. पदर खोचून, चपला न घालता. तळावरच्या क्वार्टर्समध्ये अठरा घरं होती, त्या सांगत होत्या. एक बंगाली, दोन केरळच्या, एक पंजाबी, बाकी कुठून कुठून. नळाला आठवड्यातून दोनदा पाणी. वाळूचं वादळ आलं की सगळ्याजणी एकमेकींचे कपडे गोळा करायच्या. चार विमानं गेली की चार उतरेपर्यंत कुणी चुलीवरचं काही खाली उतरवायचं नाही, असा कुणी न घातलेला नियम होता. एका सकाळी तीनच उतरली. न आलेल्या पायलट साहेबांची बायको वयानं लहान, सात महिन्यांची गरोदर. तिचं माहेरचं माणूस येईपर्यंत ती जाईबाईंच्या घरात राहिली. तिला मराठी येत नव्हतं आणि जाईबाईंना हिंदी जेमतेम.

"आन मंग स्क्वॉड्रन मोडली, तवा आठ दिवसांत अठरा घरं अठरा दिशांना गेली," त्या म्हणाल्या. "कुणाचा पत्ता न्हाई, ठिकाणा न्हाई. ह्यांचं काय, ह्यांना दुसरी स्क्वॉड्रन मिळाली. आमाला दुसरं गाव न्हाई मिळालं."

मिनलनं गाडी सुरू केली नाही. तिनं त्यांना विचारलं, की टिटवी बघायला शेडवर याल का. जाईबाईंनी घराकडे एकदा वळून बघितलं. येऊ, म्हणाल्या. त्यांना मी आणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोशीच्या चौकात कंटेनर आडवा झालेला होता आणि मिनलला शेडवर पोचायला अकरा वाजले. आत शिरली तेव्हा हिंदुराव खुर्चीवर बसले होते आणि सयाजी विमानाच्या उजव्या बाजूला होता. टिटवीचं डोकं गेलं होतं. मान आणि पंखाची वरची बाजू गेली होती. तिथं उघडं ॲल्युमिनियम चमकत होतं. खाली पोट, अर्धा पंख आणि पिवळे पाय राहिले होते.

"साहेब म्हणाले घ्या, तर घेतलो की ताई," सयाजी म्हणाला. तिचा चेहरा बघून त्यानं हातातला पॉलिश पेपर बादलीत टाकला.

मिनल सयाजीवर रागावली नाही. त्याला चहाला पाठवलं आणि हिंदुरावांच्या समोर जाऊन बसली. तिनं सगळं सांगितलं. राजगुरुनगरला गेले होते, सांडभोर भेटले, जाईबाई भेटल्या. पंक्तीची आणि पाखराची गोष्ट मात्र तिनं सांगितली नाही. ती तिची नव्हती. एवढंच म्हणाली, की राहिलेली टिटवी तशीच ठेवावी असं तिला वाटतं.

हिंदुरावांनी ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, एका विमानावर दोन स्क्वॉड्रनची चिन्हं कधीच नसतात. उद्या बागेत पोरं येतील, बघतील आणि समजतील की असंच उडत होतं. आपण खोटं विमान उभं करायचं का? आणि उद्या तिसरा कुणी म्हणाला, याच्या आधी आमच्याकडे होतं, तर?

मिनलला त्यांचं म्हणणं पटत होतं. म्हणून तिनं दुसरं काढलं. साळिंदर काढायला तिच्याकडे माणूस नाही. तिची माणसं कोट मारतात, चित्र काढत नाहीत. मंडळानं स्टिकर लावायचं म्हटलं तर दोन पावसाळ्यांत ते सुटेल. सांडभोरांना बोलावलं तर?

हिंदुराव एकदम सरळ बसले. "येईल तो? इतक्या वर्षांत एकदाही आला नाही. मला वाटायचं, तब्येतीनं थकला असेल." त्यांना खरंच आनंद झालेला दिसत होता. "त्याच्यासारखं साळिंदर कुणी काढलं नाही. बोलवा त्याला."

आणि तेव्हा मिनलच्या लक्षात आलं, की त्यांना काहीच आठवत नाही.

सांडभोर जोडपं रविवारी आलं. ज्योतीराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, जुने ब्रश पिशवीत घेऊन. हिंदुराव दारापर्यंत पुढे गेले आणि त्यांनी ज्योतीरामांचे दोन्ही हात धरले. मिनल बाजूला उभी होती. हिंदुराव बोलत सुटले. गुडघे कसे आहेत, साखर आहे का, तो मेसचा स्वयंपाकी आठवतो का जो पोह्यात बडीशेप घालायचा, आणि वाळवंटातला तो कोल्हा, जो हँगरच्या दारात येऊन बसायचा. ज्योतीराम हूं हूं करत होते. एका क्षणी त्यांनी मान वर करून हिंदुरावांकडे नीट बघितलं, काहीतरी शोधत असल्यासारखं. हिंदुराव कोल्ह्याबद्दलच बोलत होते. ज्योतीरामांनी आणखी थोडं ऐकलं. मग म्हणाले, "व्हय, त्याचा येक कान फाटलेला व्हता," आणि दोघंही हसले.

त्यानंतर ते थेट विमानाच्या डाव्या बाजूला गेले. तिथं राखाडी रंगाचा नवा कोट वाळून तयार होता. खडूनं त्यांनी साळिंदराची पाठ एका दमात ओढली. सयाजी रंगाचा डबा धरून त्यांच्या बाजूला उभा राहिला, तो जागचा हलला नाही.

जाईबाई उजव्या बाजूला गेल्या होत्या. मिनलनं त्यांना स्टूल दिलं, त्यावर त्या चढल्या नाहीत. हात वर करून बोटं पोचतील तिथं पोचवली, टिटवीच्या पायांवर. डोकं गेलेलं त्यांनी बघितलं आणि कसं गेलं ते विचारलंही नाही. बऱ्याच वेळानं हिंदुराव तिकडे आले.

"मोहिते भावजी," त्या म्हणाल्या, "हितं टिटवी व्हती का न्हवती?"

"होती की वहिनी."

"मंग ती असल्याली खोटी कशी?"

हिंदुराव नियम सांगायला लागले, मिनलला सांगितलेलाच. जाईबाईंनी मध्ये तोंड घातलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, की नवी काढा असं त्या म्हणतच नाहीत. नवी काढली तर भावजी म्हणतात तसं खोटं होईल. त्या एवढंच म्हणतात, की आहे ती पुसू नका. पंजाबी मिसेस गिल, तिच्या दोन पोरी, कुट्टीची आई, सातव्या महिन्यातली ती पोरगी, ह्या सगळ्या ह्या पाखराखाली राहिल्या. त्यांच्यातली कुणी चुकून कधी आकुर्डीला आली तर तिला काय दाखवायचं? साळिंदर?

शेडमध्ये कॉम्प्रेसर बंद होता, त्यामुळे सगळं नीट ऐकू येत होतं. विमानाच्या पलीकडे ज्योतीरामांचा ब्रशही थांबला होता.

हिंदुराव विमानाजवळ गेले. खिशातून चष्मा काढला, लावला आणि पहिल्यांदाच त्या चित्राकडे जवळून बघितलं. अंगठ्यानं त्याची कड चाचपली. "न घासता मारलाय कोट," ते पुटपुटले. "त्या रात्री आपण कुणीच झोपलो नव्हतो." मिनलला वाटलं, आता त्यांना पाखराचं ते वाक्य आठवेल. पण ते तिच्याकडे वळून एवढंच म्हणाले, "ह्याच्यावर काय मारता येतं तुम्हाला? पारदर्शक?"

"क्लिअर कोट मारते," मिनल म्हणाली. "आहे तशी राहील. ऊन-पावसानं जाणार नाही. बाजूनं राखाडी रंग घेते, मध्ये तेवढं उघडं ठेवते."

"नव्यानं काही काढायचं नाही."

"नाही."

"मग हरकत नाही. ते आहेच तिथं. ते दडवणं आपलं काम नाही."

सयाजीला काय वाटलं कुणास ठाऊक, तो हात पुसत ज्योतीरामांपुढं आला आणि म्हणाला, "काका, माझ्या हातानं गेलंय ते. डोकं तेवढं तुमी काढून द्या, कुणाला कळणार नाही." ज्योतीरामांनी नकारार्थी मान हलवली. आता काढली तर ती आजची होईल, म्हणाले, आणि पुन्हा साळिंदराचे काटे रंगवायला लागले. प्रत्येक काट्याच्या टोकाला त्यांनी पांढऱ्याचा एक बारीक ठिपका दिला. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हिंदुराव मागे उभे राहून बघत होते, आणि काम संपल्यावर त्यांनी घशातल्या घशात फक्त "वा" म्हटलं.

जेवायला मिनलनं शेडमध्येच मागवलं होतं. हिंदुरावांनी आपल्या शेजारची खुर्ची ओढून ठेवली. ज्योतीरामांनी क्षणभर त्या खुर्चीकडे बघितलं आणि बसले. वाढताना मिनल त्यांच्याजवळ वाकली तेव्हा ते हळूच, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याच्या ध्यानातच न्हाई, पोरी. मी येकट्यानंच किती दिवस सांभाळू?"

आठ ऑक्टोबरला बागेत मांडव होता, बँड होता, शाळेची पोरं रांगेत होती. विमान चौथऱ्यावर नाक वर करून उभं होतं. पाटीवर साळिंदर स्क्वॉड्रनचं नाव होतं, तेवढंच. पाटी आधीच कोरून झाली होती. भाषणात मात्र हिंदुरावांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि सांगितलं, की हे विमान आमच्याकडे यायच्या आधी आणखी एका स्क्वॉड्रनचं होतं. ती लोहगावला जन्मली, राजस्थानात बंद झाली आणि परत उभी राहिली नाही. तिचं चिन्ह उजव्या बाजूला आहे, जेवढं राहिलंय तेवढं. बघून जा. मग ते पुन्हा पाहुण्यांच्या आभारावर आले.

बरेच लोक बघायला गेले. डोकं नसलेला पक्षी बघून काहीजण चक्रावले. पिंपळे सौदागरहून आलेली मिनलच्या सोसायटीतली मंजुषा, हिला सगळ्यातलं सगळं कळतं असा तिचा लौकिक, ती मिनलला बाजूला घेऊन म्हणाली की टिटवी अशुभ असते, बागेत लहान मुलं येतात, निदान एखादा गरुड तरी काढायचा. मिनल काही बोलायच्या आत जाईबाई पुढे आल्या. त्यांनी मंजुषाला हाताला धरून विमानाखाली नेलं आणि अगदी शांतपणे, टिटवी कुठं अंडी घालते, कशी ओरडते आणि कशासाठी ओरडते, ते सांगायला सुरुवात केली. मंजुषानं सुटायचा एक-दोनदा प्रयत्न केला, मग ऐकत राहिली. शाळेच्या दोन मुली आणि त्यांच्या बाई तिथं येऊन थांबल्या. जाईबाई आता क्वार्टर्सवर आल्या होत्या, अठरा घरांवर, वाळूच्या वादळावर. एका मुलीनं विचारलं, की मग त्या सगळ्या आता कुठं असतात.

"म्हाईत न्हाई," जाईबाई म्हणाल्या. "तुमी मोबाईलवाल्या पोरी. बघा कुणी सापडतंय का."

शाळेच्या बाईंनी खरोखरच फोन काढला आणि टिटवीच्या पायांसह जाईबाईंचा फोटो घेतला. नावं विचारून घेतली, मिसेस गिल, कुट्टीची आई. जाईबाईंना फार थोड्यांची पूर्ण नावं आठवत होती.

परत जाताना मिनलनंच दोघांना गाडीत घेतलं. ज्योतीराम पुढं बसून नखांतला राखाडी रंग काढत होते, जाईबाई मागं पेंगत होत्या. चाकणच्या मार्केटयार्डाजवळ आल्यावर त्या एकदम जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, गाडी थांबवा, आज बाजार हाय, कांदं बघून घेऊ. ज्योतीराम कुरकुरले, घरी आहेत की अजून. पण तोवर त्या पिशवी घेऊन खाली उतरल्याही होत्या.